५:३८ पेस दिसूनही २:०१ कसे? मुलुंडच्या काकांना उत्तर

काका, कमेंट मोठी आहे आणि तिखटही, त्यामुळे खाली "धन्यवाद, विचार करतो" टाकून पळ काढत नाही, इथेच नीट लिहितो. बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात असं: दोन तासांच्या हाफसाठी (हाफ मॅरेथॉन, २१.०९७५ किलोमीटर) मी माझ्या टेबलात ५:४१ पेस लिहिला, म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद, त्यांचा कॅल्क्युलेटर ५.६८ सांगतो. जानेवारीच्या हाफमध्ये वॉचवर ॲव्हरेज ५:३८ आला तरी चिप टाइम (आयोजकांनी मोजलेला अधिकृत वेळ) २:०१:००, म्हणजे माझं टेबलच बोगस. पहिले पाच किलोमीटर त्यांनी २६ मिनिटांत मारले होते, त्याआधी ऑगस्टात टेन-के, म्हणजे दहा किलोमीटरची रेस, ५३ मिनिटांत केली होती. आणि शेवटी, "ते हळू धावा हळू धावा काय लावलंय, मी रोज ५:४० ने धावतो, हळू धावणारा हळूच राहतो, आम्ही कॉलेजात घड्याळाशिवाय धावायचो."

पहिलं म्हणजे साठीत २:०१, काका, आमच्या ग्रुपमधले चाळिशीतले लोक यावर पार्टी देतील. आता भांडूया.

कॅल्क्युलेटर बरोबरच सांगतोय. १२० भागिले २१.०९७५, उत्तर ५.६८८. पण ते ५ मिनिटं ६८ सेकंद नाहीत, मिनिटात ६८ सेकंद असतात कुठे, तो मिनिटाचा ०.६८८ भाग आहे, त्याला ६० ने गुणा, ४१ सेकंद येतात. उलट्या बाजूनेही लोक इथेच आपटतात, ५:३० पेसला ५.३० समजून गुणतात, १:५२ येणार म्हणून घरी सांगून ठेवतात आणि मग येतात १:५६. सरळ सेकंदात करा ना, ७२०० भागिले २१.०९७५, ३४१ सेकंद, विषय संपला. ट्रेडमिलवर ताशी किलोमीटर दिसतं, तिथे ६० ला त्या आकड्याने भागायचं, १० वर ठेवलं तर ६:००, १२ वर ५:००.

आता तुमच्या ५:३८ चं बघू, कारण खरी गंमत तिथे आहे. २:०१:०० म्हणजे ७२६० सेकंद, ५:३८ म्हणजे ३३८ सेकंद, भागाकार करा, २१.४८. म्हणजे फिनिशला तुमच्या वॉचवर २१.४८ च्या आसपास किलोमीटर दिसले असणार, जाऊन ॲपमध्ये बघा आणि मला सांगा. वॉचने पेस काढला तो या २१.४८ वर, पण आयोजक तुम्हाला टाइम देतात २१.०९७५ चा. त्या हिशेबाने तुमचा खरा पेस ५:४४. टेबल चुकलं नाही, तुम्ही मधले पावणेचारशे मीटर टेबलाला न सांगता धावलात.

हे जास्तीचे मीटर येतात कुठून? थोडे वॉचचे, थोडे तुमचे स्वतःचे. जीपीएसचा सिग्नल उंच बिल्डिंगवर आपटून येतो, मग मॅपवर तुम्ही रस्ता सोडून कोणाच्या तरी सोसायटीच्या आवारातून धावताना दिसता. रूट कोस्टल रोडच्या बोगद्यातून असेल तर प्रश्नच मिटला, तिथे दोनेक किलोमीटर वॉचला आकाशच दिसत नाही, आत जो पेस दिसेल तो निव्वळ अंदाज. आणि तुमचे म्हणजे, पाण्याचं टेबल डावीकडे म्हणून डावीकडे, फोटोग्राफर उजवीकडे म्हणून उजवीकडे, पुढे चौघे हातात हात घालून चाललेत त्यांना वळसा, प्रत्येक वळण बाहेरच्या कडेने. सर्टिफाइड रूट सायकलवर काउंटर लावून मोजतात आणि तो सगळ्यात जवळच्या रेषेने मोजतात, वळणावर आतल्या कडेला चिकटून, शिवाय अंतर कमी भरू नये म्हणून हजारात एक मीटर वर टाकतात. त्या रेषेने आपल्यापैकी कोणीच धावत नाही. रिक्षावाल्याने गल्लीबोळातून फिरवून नेलं तर मीटर जास्त पडतं, घर काही लांब जात नाही, तसंच आहे हे.

म्हणून रेसमध्ये वॉचच्या ॲव्हरेज पेसवर जीव टाकू नका. ऑटो लॅप (वॉच स्वतःच्या मापाने दर किलोमीटरचा वेळ नोंदवतं ते) बंद करा आणि रस्त्यावरची किलोमीटरची पाटी आली की स्वतः लॅपचं बटण दाबा, नाहीतर आणखी सोपं, एकूण टाइम बघा. दोन तासांसाठी मनगटावर पेनाने एवढंच लिहायचं: ५ ला २८:२६, १० ला ५६:५३, १५ ला १:२५:१९, २० ला १:५३:४५, उरतात सव्वासहा मिनिटं. पाटीजवळ घड्याळ यापुढे असेल तर तुम्ही मागे आहात, मग वॉच काहीही म्हणो. आणि हो, ५:४१ तंतोतंत धरला तरी १:५९:५४ येतात, हातात फक्त सहा सेकंद राहतात, एकदा बुटाची लेस बांधायला वाकलात की गेले. तुमच्यासारखी नागमोडी धाव असेल तर वॉचवर ५:३५ दिसायला हवा होता.

पण काका, खरं सांगू, तुमचे दोन तास त्या पावणेचारशे मीटरमध्ये गेलेले नाहीत. ते गेले पहिल्या पाचमध्ये. २६ मिनिटांत ५ म्हणजे ५:१२. तुमची टेन-के ५३ ची, म्हणजे ५:१८. हाफची सुरुवात तुम्ही स्वतःच्या टेन-केच्या रेस पेसपेक्षा फास्ट केलीत! पहाटेची थंड हवा, आठवडाभर आराम मिळालेले पाय, ढोलताशा, बाजूने सगळे पळतायत, तेव्हा ५:१२ अगदी आरामाचा वाटतो हे मान्य, पण पायातलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेलं इंधन, आरामात खर्च होत नसतं. दोन तासांच्या हिशेबात तुम्ही २ मिनिटं २६ सेकंद पुढे होतात. उरलेले १६.१ किलोमीटर तुम्ही ९५ मिनिटांत केले, ५:५४ ने. कमावलेले २:२६ गेले आणि वर एक मिनिट गेलं. "आधी टाइम कमवून ठेवतो, मग पाय दुखले तरी चालेल" हा प्लॅन मी दर जानेवारीत स्टार्ट लाइनवर ऐकतो आणि पंधराव्या किलोमीटरनंतर तीच माणसं कमरेवर हात ठेवून चालताना दिसतात.

याला जोडूनच हळू धावण्याचं. पीट रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९७७ मध्ये एक फॉर्म्युला मांडला, आजही बहुतेक ऑनलाइन कॅल्क्युलेटरच्या पोटात तोच असतो. अंतर दुप्पट झालं की टाइम दुप्पट होत नाही, साधारण २.०८५ पट होतो, कारण त्यातला अंतराचा घातांक १ नसून १.०६ आहे. तुमच्या ५३ च्या टेन-केवरून त्याने हाफ येते १:५७. तुम्ही केलीत २:०१. म्हणजे स्पीड तुमच्याकडे दोन तासांच्या आतलाच आहे, तो शेवटपर्यंत टिकत नाही. स्पीड आहे आणि टिकत नाही याला उपाय आणखी स्पीड कसा असेल? (फुल मॅरेथॉनसाठी हाच फॉर्म्युला वापरणार असाल तर जरा जपून, लांब पल्ल्याचे रन पुरेसे झाले नसतील तर तो फार गोड आकडे दाखवतो.)

रोज ५:४० म्हणजे तुम्ही रोज जवळपास रेस पेसने धावताय. सोप्या दिवसासाठी हे फास्ट आहे आणि खऱ्या स्पीडवर्कसाठी हळू. सोपा रन तुमच्यासाठी ६:४० ते ७:०० हवा, त्यात हृदय, बारीक रक्तवाहिन्या, मायटोकाँड्रिया (स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) हे सगळं तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी पाय ताजे राहतात. ते ताजे पाय मग खर्च करा, आठवड्यातून एकदा वीस मिनिटं ५:२० च्या आसपास टेम्पो (सलग, जरा दमवणारा फास्ट रन), कधी ट्रॅकवर ८०० मीटर चार मिनिटांत, मध्ये जॉगिंग. ट्रॅकवर गेलात तर पहिली लेन धरा, ४०० मीटर तिथेच भरतात, आठव्या लेनमध्ये एक फेरी साडेचारशेच्या वर जाते आणि मग लोक म्हणतात आज पाय चालत नाहीत.

आणि मुंबईची हवा विसरू नका. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात सकाळी सहालाच हवा एवढी दमट असते की घाम नुसता गळतो, सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. रक्त कातडीकडे वळतं, पायांना कमी पडतं, त्याच ५:४० ला हार्ट रेट चढत जातो. त्या दिवशी ६:५० चा ७:२० झाला तर होऊ द्या, बाजूच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय ना, मग पेस बरोबर आहे. पेडर रोडसारख्या चढावरही तेच, दम सारखा ठेवायचा, पेस मंदावू द्यायचा.

आता कॉलेजातलं घड्याळाशिवायचं. तिथे माझं तुमच्याशी भांडणच नाही. सोप्या दिवशी वॉच बाहीखाली झाकून टाका, त्या दिवशी त्याची काहीच गरज नसते. ते लागतं टेम्पोला आणि रेसच्या पहिल्या पाच किलोमीटरला, जिथे शरीर खोटं बोलतं.

पावसाळ्यात एखादी टेन-के कराच, पण पहिला किलोमीटर मुद्दाम हळू, आणि स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याचे वेळ, इथेच टाका. त्या टाइमवरून पुढच्या जानेवारीचा पेस काढू, या जुन्या ५३ वरून नको.