हुकलेल्या किकचा एक गुण

मेलबर्नमध्ये माणसाचं गाव, आडनाव, पगार कोणी विचारत नाही. ‘तुझी टीम कुठली?’ एवढंच विचारतात, टीम म्हणजे इथल्या ‘ऑस्ट्रेलियन रूल्स’ या खेळाची, आणि उत्तरावरून पुढे तुमच्याशी किती बोलायचं ते ठरवतात. मी ‘सेंट किल्डा’ म्हणतो. समोरचा क्षणभर थांबतो, आवाज खाली आणतो आणि तब्येतीची चौकशी करतो.

टीम मी निवडली नाही, ती घराबरोबर आली. चिंचवडहून आल्यावर मूराबिनजवळ भाड्यानं घर मिळालं. मूराबिन म्हणजे क्लबचं माहेर, 1965 पासूनचं. घरमालक सत्तरी ओलांडलेले. त्यांनी चाव्या दिल्या, गॅसचा मीटर दाखवला आणि जाता जाता लाल-पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा एक लोकरी मफलर माझ्या हातात ठेवला. भाडं थोडं कमी करा म्हटलं तेव्हा त्यांना ऐकू आलं नव्हतं. मफलर मात्र फुकट. पुढे कळलं की या क्लबचे मफलर इथे फुकटच मिळतात, कारण घरोघरी एक तरी माणूस कंटाळून सोडून गेलेला असतो.

आता हा खेळ काय आहे ते सांगणं आलं. गणपतीत आरती झाली, प्रसाद वाटला गेला की एक काका दरवर्षी मला गाठतात. ‘तुझं ते रग्बी काय म्हणतंय?’ काका, ते रग्बी नव्हे. ‘मग फुटबॉल?’ तोही नव्हे. ‘हातानं खेळतात ना?’ हो. ‘पायानंही?’ हो. ‘मग नियम काय आहे?’ इथपर्यंत आलं की काकू त्यांना जेवायला बोलावतात, त्यामुळे नियम सांगायचे राहून जातात. ते इथे सांगतो. मैदान क्रिकेटचंच, अंडाकृती. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडूही लांबुळका, म्हणजे टप्पा पडल्यावर तो कुठे जाईल हे मारणाऱ्याला माहीत नसतं, पकडणाऱ्याला नसतं आणि माझ्या मते चेंडूलाही नसतं. मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. चेंडू पायानं मारून उंच खांबांमधून काढला तर गोल, सहा गुण. आणि नेम चुकून उंच नि बुटक्या खांबांच्या मधून गेला तर एक गुण.

हे नीट वाचा. नेम चुकला तरी एक गुण. त्याला इथे बिहाइंड म्हणतात. गोलपंच सहा गुणांना दोन निशाणं फडकावतो आणि हुकलेल्या किकला एक. चेहऱ्यावर गांभीर्य मात्र तेवढंच. बाकी कुठल्या खेळात मोठ्या लोकांना असं उत्तेजनार्थ बक्षीस देतात ते मला ठाऊक नाही. अठरा क्लबांपैकी सतरा क्लब या एका गुणाकडे चिल्लर म्हणून बघतात. आमचा क्लब दीडशे वर्षं त्याच चिल्लरवर चालला आहे.

पुरावा देतो. क्लब 1873 चा. 1897 मध्ये मोठी लीग सुरू झाली, त्यात आम्ही पहिल्या दिवसापासून. पहिल्या तीन हंगामांत आम्ही 48 सामने खेळलो आणि 48 हरलो. त्यात 1899 मध्ये जीलाँगविरुद्ध असा एक सामना झाला की त्यांचे 162 आणि आमचा 1. एक गोल नव्हे, एक गुण. संबंध दुपारभर धावून एक किक खांबांच्या आसपास गेली आणि तीही हुकली. लीगच्या इतिहासातली ती सर्वांत कमी धावसंख्या आहे. (धावसंख्या म्हणू नये, पण क्रिकेटची सवय जात नाही.) मला त्या गोलपंचाचं फार वाटतं. दिवसभर तिकडून निशाणं हलवून खांदे दुखले असतील आणि इकडच्या टोकाला फक्त एकदा.

मग 1900 उजाडलं. पहिल्याच सामन्यात मेलबर्न क्लबशी बरोबरी झाली. आमच्या माणसांनी तक्रार केली की त्यांचा एक बिहाइंड क्वार्टर संपल्याची घंटा झाल्यावरचा आहे. तक्रार मान्य झाली आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. पहिला विजय, आणि तो मैदानावर नव्हे, कागदावर! आमच्यातल्या एखाद्या तलाठ्यालाही अभिमान वाटावा अशी कामगिरी.

देणं फिटतंच. 2006 मध्ये टास्मानियात लॉन्सेस्टनला फ्रीमँटलशी सामना होता. ते एका गुणानं पुढे असताना शेवटचा भोंगा झाला, पण पंचांना तो ऐकूच आला नाही. खेळ चालू राहिला, आमच्या स्टीव्हन बेकरनं तेवढ्यात एक बिहाइंड मारला आणि बरोबरी झाली. काही दिवसांनी लीगनं बैठक घेऊन तो गुण रद्द केला आणि सामना फ्रीमँटलला एका गुणानं देऊन टाकला. 106 वर्षांनी हिशोब चुकता. घरमालकांना मी हे सांगायला गेलो तर ते म्हणाले, ‘व्याज नाही लावलं, नशीब समज.’

एवढ्या मोठ्या इतिहासात आमच्याकडे कप एकच आहे, 1966 चा. आणि तो कसा मिळाला? ग्रँड फायनल, समोर कॉलिंगवुड, शेवटची मिनिटं, दोन्हीकडे 73. गर्दीतून बॅरी ब्रीननं किक मारली. ती किक चांगली होती असं आमच्यातलं कोणीही म्हणत नाही. चेंडू लटपटत गेला आणि उंच खांबाच्या चुकीच्या बाजूनं निघाला. एक गुण. मग आमच्या बॉब मरेनं मागे एक झेल घेतला, भोंगा वाजला, 74-73. गोल झाला असता तर लोक दोन वर्षांत विसरले असते. हुकला म्हणून साठ वर्षं सांगतोय. ज्या क्लबाला आयुष्यातली एकमेव लक्ष्मी नेम चुकल्यामुळे मिळाली, त्याच्या पोरांना नेमबाजी शिकवणार कशी, हा माझा प्रत्येक प्रशिक्षकाला प्रश्न आहे.

त्या दिवशी आमचे 10 गोल आणि 14 बिहाइंड होते. हा चौदाचा आकडा लक्षात ठेवा. 2009 ची आमची टीम ही माझ्या मते कप न जिंकलेली सर्वांत चांगली टीम. हंगामाची सुरुवात सलग 19 विजयांनी. कर्णधार निक रीवोल्ट, प्रशिक्षक रॉस लायन, बचाव असा की समोरच्याला श्वास घ्यायला परवानगी लागावी. मूराबिनच्या बेकरीत लोक अनोळखी माणसाकडे बघून हसायला लागले होते, एवढी परिस्थिती बिघडली होती. ग्रँड फायनल जीलाँगशी. आमचे 9 गोल 14 बिहाइंड, त्यांचे 12 गोल 8 बिहाइंड. म्हणजे खांबांकडे चेंडू आम्ही 23 वेळा नेला, त्यांनी 20 वेळा, आणि 12 गुणांनी हरलो आम्ही. 1966 मध्ये चौदा चुकांनी कप दिला आणि 2009 मध्ये चौदा चुकांनी परत घेतला. रामाचा वनवासही चौदाच वर्षांचा, पण त्याला निदान परतीची तारीख ठाऊक होती.

आई तेव्हा चिंचवडहून फोनवर असायची. खेळातलं काही कळत नव्हतं, पण पोरगा हरतोय एवढं कळायचं. 2010 मध्ये आम्ही पुन्हा ग्रँड फायनलला पोचलो, पुन्हा समोर कॉलिंगवुड, 25 सप्टेंबर. तिनं कॅलेंडर बघून सांगितलं, ‘अरे, पितृपंधरवडा लागलाय. अशा दिवसांत कोणी फायनल ठेवतं का?’ मी म्हटलं, आई, इथे सप्टेंबरचा शेवटचा शनिवार ठरलेला असतो. ‘मग गुरुजींना विचारून शुक्रवारी ठेवायची.’

शेवटची काही मिनिटं. आम्ही एका गुणानं मागे, 68-67. लेनी हेजनं लांबून जीव खाऊन किक मारली. चेंडू गोलच्या पुढ्यात पडला, आणि तिथे स्टीफन मिल्न एकटा धावत येत होता. मिल्न म्हणजे अशा जागी चेंडू वेचण्यात हयात गेलेला माणूस. चेंडू फक्त त्याच्या हातात उसळायचा होता. टप्पा पडला. चेंडूनं क्षणभर विचार केला आणि मिल्नला बगल देऊन, अंग चोरून, कडेनं आत निघून गेला. गोलपंचानं एक निशाण उचललं. 68-68. भोंगा झाला तेव्हा मैदानावरचे खेळाडू जागच्या जागी बसले. जिंकल्यावर काय करायचं ते त्यांना शिकवलं होतं, हरल्यावर काय करायचं तेही. ग्रँड फायनल बरोबरीत सुटल्यावर काय करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. हव्या त्या क्षणी आमचा लाडका एक गुण मिळाला, आणि तो नेमका एकानं कमी पडला.

आणि हो, कॉलिंगवुडचे त्या दिवशी 9 गोल आणि 14 बिहाइंड. आमचा चौदा वापरायलाही त्यांना आमचंच मैदानावर असणं लागलं.

‘मग आता?’ आईनं विचारलं. पुढच्या शनिवारी परत खेळायचं, म्हटलं. तेव्हा तसा नियम होता. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. ‘पुढच्या शनिवारीही पितृपक्षच आहे.’

56 गुणांनी हरलो. एका गुणाचा प्रश्नच उरला नाही. रात्री फोन आला तेव्हा मी वाद घातला की मागच्या वर्षीची फायनल तर ऐन नवरात्रात होती, तेव्हा का हरलो? आई म्हणाली, ‘नवरात्रात देव घटी बसलेले असतात. तुमच्यासाठी उठून येणार होते का?’ या युक्तिवादाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

त्यानंतर वर्षभरात रॉस लायन आम्हाला सोडून फ्रीमँटलला गेले. तेच फ्रीमँटल. 2023 च्या हंगामाला परत आले, आणि आम्ही रुसून गेलेला जावई अधिकमासात आल्यावर करतो तसं त्यांचं केलं: मनात राग, ताटात अनारसे. मोठी माणसं आमच्याकडे राहत नाहीत आणि राहिली तर त्यांना काही मिळत नाही, असा नियमच आहे. टोनी लॉकेटनं कारकिर्दीत 1360 गोल मारले, लीगच्या इतिहासात सर्वांत जास्त; आमच्याकडून शेकड्यांनी मारले आणि विक्रम मोडला सिडनीला जाऊन. रॉबर्ट हार्वे राहिला. 383 सामने, 1997 आणि 1998 अशी लागोपाठ दोन ब्राउनलो पदकं (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूला देतात ती), कप शून्य. तो 2008 च्या शेवटी निवृत्त झाला, म्हणजे टीम सर्वांत चांगली झाली त्याच्या बरोबर आदल्या वर्षी. आणि तळाला राहणाऱ्याला इथे जो नावापुरता लाकडी चमचा मिळतो, तो आमच्याकडे 27 वेळा आला आहे. इतके कोणाकडेच नाहीत. पंगतीला पुरतील.

माझा छळ क्लब करतो असं कोणाला वाटेल. तसं नाही, छळ घरात होतो. इथे प्रत्येक ऑफिसात टिपिंग चालतं: त्या आठवड्याच्या प्रत्येक सामन्यात कोण जिंकेल त्यावर खूण करायची, हंगामाअखेर ज्याची जास्त बरोबर त्याला बक्षीस. माझी बायको तिच्या ऑफिसात खेळते. तिला खेळाडू ठाऊक नाहीत, जखमी कोण आहे ते ठाऊक नाही, मैदान कुणाचं ते ठाऊक नाही. दर गुरुवारी भाजी चिरताना ती मला विचारते, ‘तुला काय वाटतं?’ मी वारा, पाऊस, मागचे सामने, मधल्या फळीची दुखणी, सगळं धरून सविस्तर सांगतो. ती नीट ऐकून घेते आणि उलट खूण करते. दरवर्षी वरच्या तिघांत असते.

27 जुलै 2025, रविवार. समोर मेलबर्न. तीन क्वार्टर संपले तेव्हा आम्ही 46 गुणांनी मागे. आमच्या रांगेतली माणसं पायऱ्या उतरायला लागली. मी बसून राहिलो. खिमा भरलेला मीट-पाय नुकताच गरम मिळाला होता, आणि तो चालता चालता खाल्ला की रस्सा बाहीत जातो. तो संपेपर्यंत आमचे गोल सुरू झाले. सरळ, उंच खांबांच्या मधोमध, एकामागून एक. मला काही सुचेना. शेवटची काही सेकंदं उरलेली असताना नसाया वँगनीन-मिलेरानं गोल मारून बरोबरी केली. मग मध्यावर चेंडू टाकताना मेलबर्नची माणसं ठरलेल्या जागांवर नव्हती म्हणून आम्हाला फ्री किक. चेंडू पुन्हा त्याच पोराकडे, त्यानं झेल घेतला, भोंगा झाला, पण झेलावरची त्याची किक बाकी होती. आता किक हुकली तरी चालणार होतं! बरोबरी होती, एक गुण पुरे होता. आम्ही सगळे जन्मभर याच किकची तालीम करत आलो होतो.

त्यानं मधोमध गोल मारला. सहा गुणांनी जिंकलो. तीन क्वार्टरनंतर इतक्या मागून कोणीच कधी जिंकलेलं नव्हतं. शेजारचे अनोळखी आजोबा मला मिठी मारून रडले आणि मग डोळे पुसत म्हणाले, ‘पाच गुण वाया घालवले.’

घरी आलो तर बायको ऑफिसच्या यादीत पहिली. त्या आठवड्यात सेंट किल्डावर खूण करणारी तिच्याकडे ती एकटीच. मी गुरुवारी काय सांगितलं होतं ते मला आठवत होतं, तिलाही आठवत होतं.

तेव्हापासून गुरुवारी ती भाजी घेऊन बसली की मी स्वतःहून स्वयंपाकघरात जातो आणि तिच्या प्रश्नाची वाट न बघता ठणकावून सांगतो: या आठवड्यात आपण हरणार, वाईट हरणार, काही खरं नाही. ती मान वर न करता म्हणते, ‘हे मनापासून सांगतोयस, की टीमसाठी?’