पळणं वगैरे

आज दुपारी भाचीला बघायला मंडळी आली होती. पोहे झाले, पगार झाला, मुलाचा वाकडचा टू बीएचके झाला. मग मुलाच्या काकांनी बशी खाली ठेवत विचारलं, "ते पळणं वगैरे लग्नानंतरपण चालू ठेवणार का?"

वगैरे! पोरगी पाच वर्षं पहाटे साडेचारला उठून १५०० मीटरची तयारी करतेय, आणि ते वगैरे.

मी काही बोलले नाही, चहा बघायला म्हणून आत गेले. आणि गॅसवर तेच पातेलं.

जुन्या लोकांना माहितीये. १९९६ला ८०० मीटरसाठी माझं राज्यस्पर्धेला सिलेक्शन झालं आणि त्याच महिन्यात लग्न ठरलं. साखरपुड्यानंतर आईने माझे दोन ट्रॅकसूट बोहारणीला दिले आणि हे पातेलं घेतलं. घासाघीस करून वर झाकणही मिळवलं. स्पाइक्स बोहारणीने घेतले नाहीत, खिळ्यांच्या बुटांचं ती काय करणार?

त्या काकांना सांगायला हवं होतं, जमैकाची धावपटू शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस, तिने मुलगा दोन वर्षांचा असताना २०१९ला दोहात शंभर मीटरचं जागतिक सुवर्ण जिंकलं, १०.७१ सेकंदांत, आणि त्याला कडेवर घेऊन मैदानाला फेरी मारली. नेदरलँड्सची फॅनी ब्लँकर्स-कून तर १९४८च्या लंडन ऑलिंपिकला तीस वर्षांची, दोन मुलांची आई. घरी बसून पोरं सांभाळ, असं लोक तिला पत्रं लिहून कळवत होते. बाईने चार सुवर्णपदकं नेली. आपली पी. टी. उषा, १९९१ला लग्न, मग मुलगा, आणि १९९४ला हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत परत रिलेचं रौप्य. काकांच्या पिढीने हे टीव्हीवर बघितलंय हो! टाळ्यासुद्धा वाजवल्या असतील.

बरं, सगळ्यांना जमतं असं नाही, मान्य. अमेरिकेची धावपटू अ‍ॅलिसन फेलिक्स, तिला गरोदरपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात तातडीचं सिझेरियन करावं लागलं, जिवावर बेतलं होतं. वर तिच्या पुरस्कर्त्या कंपनीने नव्या करारात पैसे कापायचा घाट घातला. एवढ्या पदकांच्या बाईची ही कथा. तरी टोकियो ऑलिंपिकला दोन पदकं घेतलीच तिने, ऑलिंपिकची एकूण अकरा.

पण हा प्रश्न पळणाऱ्या मुलाला कोणी विचारलाय का? मी तरी अजून ऐकलेला नाही.

आईवर मी फार वर्षं राग धरला. आता नाही धरवत. घरात दोन पगार नव्हते, बस्त्याचे पैसे उसने आणलेले. तिच्या हिशेबाने ट्रॅकसूटचं काम संपलं होतं आणि पातेल्याचं सुरू होणार होतं. ते पातेलं मला सासरी द्यायचं होतं तिला. मीच नेलं नाही. गेल्या वर्षी तिच्या दिवसांना आलेल्यांचा चहा त्यातच झाला.

असो. तर मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा भाची काकांना म्हणत होती, "हो, ठेवणार." बस, एवढंच. आवाज चढवला नाही, कारणं दिली नाहीत. मला तेव्हा ते जमलं नव्हतं. काका "छान छान" म्हणाले आणि बिस्किट बुडवलं.

मुलगा बरा वाटला, खरं सांगायचं तर. १५०० मीटर म्हणजे ट्रॅकच्या किती फेऱ्या, असं त्याने विचारलं तिला. पावणेचार, ती म्हणाली.

फोन दोन दिवसांत करतो म्हणालेत. तो वहिनीने उचलायचा, मी नाही, असं घरात ठरलंय.