सगळं झकास

गेल्या मंगळवारी रात्री पावणेतीनला फोन कोकलला. अशा अवेळी आलेल्या फोनचा आमच्या घरात एकच अर्थ लावतात.

"कोण गेलं रे?" बायकोनं डोळे न उघडताच विचारलं.

"कुरिअरचं टूल."

"अरेरे. वय काय होतं?" म्हणाली आणि कूस बदलून घोरायलाही लागली.

नातेवाइकांना मी 'आयटीत आहे' एवढंच सांगतो. सगळं सांगायला बसलो तर चहा गार होतो. आमच्या कंपनीत एक एआय एजंट आहे. ग्राहकांशी बोलतो गोड, पण पार्सल कुठे पोचलं, पैसे परत गेले का, यातलं त्याला स्वतःला काही ठाऊक नसतं. त्यासाठी त्याच्या हाताखाली बारा टूल्स, म्हणजे विचारलेली माहिती आणून देणारे छोटे प्रोग्राम. आणि ती टूल्स धड चालतात का, हे बघायला मी. साहेब यंत्र, गडी यंत्र, मधला मुकादम तेवढा माणूस.

मेलेलं टूल परवडलं. ते ५०३ देतं, म्हणजे 'सेवा बंद', नाहीतर ताटकळत ठेवून ५०४ देतं, म्हणजे 'उत्तर वेळेत आलं नाही'. डॅशबोर्ड लाल होतो, सगळ्यांना कळतं. खरा वैताग हसतमुख टूलचा. त्या रात्री कुरिअरवाल्यांचा डेटाबेस आडवा झालेला, आणि त्यांचं टूल दर वेळी २०० पाठवतंय. २०० म्हणजे वेबच्या भाषेत 'सगळं झकास'. आत बघावं तर नुसता रिकामा चौकोनी कंस, म्हणजे कोरी यादी, आहेराचं पाकीट उघडावं आणि आत एक रुपयाही नसावा तसा. माझा डॅशबोर्ड मात्र श्रावणातल्या घाटासारखा हिरवागार. फोन आला तोही अलर्टचा नव्हेच, रात्रपाळीच्या पोरीचा: "सर, एजंट सगळ्यांना नाहीच म्हणतोय!"

एजंट भाबडा. यादी रिकामी म्हणजे पार्सलच नाही, असं धरून तो "आपल्या नावावर कोणतंही पार्सल नाही. आणखी काही मदत करू का?" असं दिसेल त्याला सांगत सुटला होता. साताऱ्याच्या एका काकांनी घाबरून गुडघ्याचा पट्टा पुन्हा मागवला. मग आणखी एकदा. काकांना गुडघे दोनच.

आमच्या मॅनेजरचं पालुपद ठरलेलं: "९९ टक्के चालतंय ना?" दहावीला ९९ टक्के पडले तर पेढे वाटावेत, कबूल. पण एजंट एकेका कामात वीस वीस वेळा टूलला हाक मारतो. ०.९९ वीस वेळा एकमेकांत गुणा, हातात राहतात ८२ टक्के. पाचातलं जवळजवळ एक काम पाण्यात. हे मी त्यांना कागदावर करून दाखवलं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

पहाटे चारला मी केव्हाच पोचलेलं एक जुनं पार्सल शोधून काढलं आणि दर पाच मिनिटांनी टूलला त्याचीच चौकशी करायला लावली. 'पोचलं' असं उत्तर आलं नाही की फोन वाजणार. भिवंडीच्या गोदामातून निघालेला तो मिक्सर बिचारा आता दिवसातून २८८ वेळा पोचतो.

सकाळी कुरिअरवाल्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांकही मिळाला. दुपारी चौकशी केली तर तिकडेही एजंटच बसवलेला. मोठ्या अदबीनं उत्तर आलं, "या क्रमांकाची कोणतीही तक्रार आढळली नाही. आणखी काही मदत करू का?"