सडक्या कांद्याचं यंत्र कपाटात कसं ठेवावं

अभिनंदन! साठवणीच्या चाळीतला सडका कांदा वासावरून ओळखणारं यंत्र तुमच्या प्रयोगशाळेत तयार झालं. एक कांदा सडला की दिवा लाल. पण आताच गाफील राहू नका. जरा दुर्लक्ष झालं, तर उद्या हे यंत्र बाजारात जाईल आणि एखादा शेतकरी ते विकतसुद्धा घेईल.

म्हणून आधी संशोधनाचा पेपर छापा, पेटंटचा अर्ज सवडीनं करा. छापून आलेली गोष्ट नवी राहत नाही आणि जी नवी नाही तिला पेटंट नाही, की मिटली कटकट. बढतीच्या मुलाखतीत पेपरच मोजतात, चाळी कोण मोजतो? तरीही पेटंट मिळालंच, तर २० वर्षांचं लोढणं समजून सांभाळा. फक्त पेटंट कार्यालय फॉर्म २७ मागवतं आणि त्यात एक आगाऊ प्रश्न असतो: या शोधाचा देशात प्रत्यक्ष वापर होतो का? तिथे 'नाही' लिहायचं. अक्षर सुवाच्य असावं.

पुढे टीआरएल, म्हणजे तंत्रज्ञान वापरासाठी किती तयार झालं याचं माप. नासावाल्यांनी काढलेली ही १ ते ९ पायऱ्यांची शिडी. शहाणा माणूस चौथ्या पायरीवर सतरंजी टाकून बसतो, कारण तिथवर सगळं प्रयोगशाळेत, एसीखाली. पाचवीसाठी यंत्र चाळीत न्यावं लागतं. तिथे मे महिन्याचं ऊन, कांद्याचा फोलपट आणि कुडाला टेकून उभा असलेला मालक. तो विचारणार, "साहेब, उंदरानं वायर कुरतडली तर?" एवढ्या वर्षांत पेपर तपासणाऱ्या एकाही रेफ्रीनं तुम्हाला हे विचारलेलं नाही. कशाला जायचं तिथे?

जाणं टळतच नसेल, तर चाचणीची परवानगी डिसेंबरात मिळेल असं बघा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत पडतो आणि दिवाळीच्या आगेमागे निघतो. रिकाम्या चाळीत यंत्राची एकही चूक सापडत नाही.

काही लोकांना हे भान नव्हतं, त्यांचं काय झालं पाहा. दुर्गापूरच्या सीएमईआरआय या यांत्रिकी संशोधन संस्थेत १९६५ च्या सुमारास देशी ट्रॅक्टरचा आराखडा सुरू झाला. तो कपाटात ठेवायचा सोडून पंजाबात १९७० साली कंपनीच काढली आणि १९७४ मध्ये 'स्वराज' बाजारात. अजून शेतात धूर सोडतोय. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची शाई तर १९६२ पासून मतदारांच्या बोटांना लागते. म्हैसूरचा कारखाना ती बनवतो. आता सांगा, शोधपत्रिकेचं वजन मोजणारा इम्पॅक्ट फॅक्टर बोटावरच्या ठिपक्याला किती?

उद्योजक दारात आला तर त्याला अजिबात तोडू नका. शाल, श्रीफळ, सामंजस्य करार, फोटो. तो हळूच विचारेल, "एक नग केवढ्याला पडेल?" तेव्हा गूढ हसावं आणि फाईल समितीकडे पाठवावी. समिती रॉयल्टीच्या टक्क्यावर तीन बैठका घेईल. शून्य नगांवरची रॉयल्टी दोन टक्के असावी की अडीच, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. (एका बैठकीला मी स्वतः होतो. बिस्किटं चांगली होती.) तोवर उद्योजकाचे दोन हंगाम जातील आणि तो प्लॅस्टिकच्या क्रेटचा धंदा सुरू करेल.

मग यंत्र कपाटात. ते जुळवणारा जेआरएफ, म्हणजे शिष्यवृत्तीवरचा तरुण संशोधक, एव्हाना बंगळुरूला, कुठल्याशा ॲपच्या कंपनीत. चार्जरही त्याच्याच बॅगेत गेलेला. यंत्र वर्षातून एकदाच बाहेर काढायचं, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला. प्रात्यक्षिकाला खरं तर सडका कांदा लागतो, पण मंत्रिमहोदय येणार म्हणजे टेबलावर वास चालायचा नाही. शिपायाला सकाळीच मंडईत पाठवून निवडक, ताजे कांदे आणवा. दिवा शेवटपर्यंत हिरवा राहील आणि साहेब टाळ्या वाजवतील.