चालती अणुभट्टी एका सहीने बंद पाडली? नाही, मामा

परवा रात्री राजापूरहून मामांचा फोन आला. "मेसेज धाडलाय, वाचलंस का गो?" मी वाचला नव्हता. मग "थांब, चष्मा घेतो" म्हणून त्यांनीच मोठ्यांदा वाचून दाखवला. फ्रान्समध्ये दोमिनिक व्वाने नावाची हिरव्या पक्षाची बाई पर्यावरणमंत्री झाली. विज्ञानाचा गंध नसताना तिने नफ्यात चालणारी भलीमोठी अणुभट्टी एका सहीने बंद केली आणि देशाची अणुवीज बुडवली. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला विरोध करणारे तसलेच, त्यांना गावात उभं करू नका. मामांची आंब्याची कलमं हा प्रकल्प होणार त्या माडबनच्या सड्याला लागून आहेत, म्हणून मला गप्प बसवत नाही.

आधी ती 'नफ्यातली' भट्टी. ऱ्होन नदीकाठची सुपरफेनिक्स, सुमारे 1,200 मेगावॅटची. जाळेल त्याहून जास्त इंधन ती तयार करेल, असं सांगितलं जायचं. तिच्यातली उष्णता वाहून न्यायला पाण्याऐवजी हजारो टन वितळलेलं सोडियम होतं. शाळेत बाईंनी चिमट्याने सोडियमचा हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात टाकला होता, तो कसा तडतडत पळाला आठवून बघा. 1986 च्या जानेवारीत भट्टीची वीज ग्रीडला जोडली आणि 1987 मध्येच इंधन ठेवायच्या टाकीतून सोडियम गळताना सापडलं. 1990 च्या डिसेंबरात टर्बाइनच्या इमारतीचं छप्पर बर्फाच्या भाराने कोसळलं. 1994 पर्यंत भट्टी बंदच. फ्रान्सची सरकारी हिशेब तपासणारी संस्था, म्हणजे आपल्याकडची कॅग म्हणा, तिने 1996 च्या अहवालात या प्रकल्पाचा खर्च 60 अब्ज फ्रँक धरला. हा आकडा कुठल्या आंदोलकाने काढलेला नाही. मेसेज लिहिणाऱ्याने नफा कुठल्या वहीत पाहिला?

आता ती 'एक सही'. भट्टी शेवटची चालली डिसेंबर 1996 मध्ये. फेब्रुवारी 1997 मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती पुन्हा चालवण्याची परवानगी रद्द केली. व्वाने मंत्री झाल्या जूनमध्ये! बंद करण्याची घोषणा पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांनी संसदेत केली आणि अंतिम हुकूम निघाला डिसेंबर 1998 च्या अखेरीस.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. भट्टी बंद करा ही व्वाने यांच्या पक्षाची मागणी होतीच, समाजवाद्यांशी निवडणुकीआधी केलेल्या करारातही ती होती. बंद राहिलेल्या महिन्यांपैकी बरेचसे बिघाडाचे नव्हते, परवानग्या आणि कोर्टकज्ज्यांचे होते. आणि 1996 हे तिचं सर्वांत बरं वर्ष होतं. निर्णय चुकला म्हणणारे जाणकार आजही आहेत. त्यांच्याशी वाद घालता येतो, कारण ते खोटं बोलत नाहीत.

'विज्ञानाचा गंध नाही' म्हणे. बाई भूलतज्ज्ञ डॉक्टर आहेत.

'अणुवीज बुडवली' हेही धादांत खोटं. त्या मंत्री असतानाच सिव्हो इथल्या दोन नव्या अणुभट्ट्या ग्रीडला जोडल्या गेल्या, आणि फ्रान्सची दोनतृतीयांशाच्या आसपास वीज आजही अणूचीच आहे. बाईंना नावं ठेवायची तर 1999 च्या एरिका जहाजाच्या तेलगळतीवरून ठेवा. ते संकट त्यांनी लहान लेखलं होतं आणि त्यावरची टीका रास्त होती.

मला खरा राग आहे तो शेवटच्या ओळीचा. जैतापूरला येऊ घातलेल्या सहा भट्ट्या वेगळ्या जातीच्या आहेत, ईपीआर, म्हणजे सोडियमऐवजी पाण्याने उष्णता वाहून नेणाऱ्या फ्रेंच बनावटीच्या. सुपरफेनिक्सशी त्यांचा संबंध नाही. तिथल्याच साखरी नाटे गावाचे मच्छीमार समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याबद्दल विचारतात, त्याचं उत्तर फ्रान्सच्या बाईला शिव्या देऊन मिळत नाही. फ्रान्सचं उदाहरण हवंच असेल तर फ्लामाँव्हिलचं घ्या, तिथे ईपीआरच आहे. काम 2007 मध्ये सुरू झालं, 2012 पर्यंत संपायचं होतं, वीज जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये. मधल्या काळात काँक्रीट, वेल्डिंग, भट्टीच्या पात्राचं पोलाद अशा एकेक त्रुटी निघत गेल्या, आणि खर्च 3.3 अब्ज युरोंवरून 13 अब्जांच्या वर गेला.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सतरा वर्षं? परत सांग गो, लिहून घेतो."