देणगीपुरत्या माजी विद्यार्थिनी?

आमच्या कॉलेजचे बंद पडलेले मुलींचे वसतिगृह पुन्हा सुरू होणार असल्याचे कळल्यापासून माजी विद्यार्थिनींच्या गटात एकच वाद चालू आहे: जुन्या मुलींनी देणगी देऊन बाजूला व्हावे, की कारभारातही लक्ष घालावे. मी दुसऱ्या बाजूने बोलले, तेव्हा परदेशात बसून सल्ले देऊ नयेत, असे मला सुनावण्यात आले. ते मला लागले.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मी ज्या विद्यापीठात शिकवते, तिथल्या एका सोरॉरिटीचे, म्हणजे विद्यार्थिनींच्या देशव्यापी संघटनेचे, बंद पडलेले चॅप्टर (कॉलेजातली शाखा) पुन्हा उभे राहताना प्राध्यापक-सल्लागार म्हणून मी जवळून पाहिले आहे. चॅप्टर बंद झाले की जुन्या सभासद मुली पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत सोरॉरिटीचे राष्ट्रीय कार्यालय सहसा थांबते. त्यामुळे नवी सुरुवात होते, तेव्हा पूर्वीचे काही आठवणारी एकही मुलगी कॅम्पसवर उरलेली नसते. जे काही माहीत असते, ते माजी सभासदांनाच. पहिल्या मुलींच्या मुलाखती घेणे, चॅप्टरची वास्तू सांभाळणाऱ्या हाउस कॉर्पोरेशनचे हिशेब पाहणे, नव्या खजिनदार मुलीला अंदाजपत्रक शिकवणे, ही कामे त्या बायका दिवसभराची नोकरी आटोपून, तासभर गाडी चालवत येऊन करत होत्या. आपल्याकडे माजी विद्यार्थिनींना व्यासपीठावर बसवतात. हिशेबाची वही त्यांच्या हाती देत नाहीत.

याच राज्यातल्या मॉन्मथ कॉलेजात 1867 मध्ये पाय बीटा फाय आणि 1870 मध्ये कॅपा कॅपा गॅमा या सोरॉरिटी स्थापन झाल्या. कॉलेजने अशा संघटनांना मनाई केली आणि अखेर 1884 मध्ये दोघींची मूळ चॅप्टर मिटली. पहिलीचे 1928 मध्ये परत आले, दुसरीचे 1934 मध्ये. एवढ्या काळात दोन्ही संघटना जगल्या त्या इतर कॉलेजांतल्या मुलींमुळे आणि पदवीधर स्त्रियांमुळे. पाच-सात वर्षे कुलूप असलेल्या वास्तूवर पाणी सोडायला निघालेल्या माझ्या वर्गमैत्रिणींना हे कळावे, असे मला मनापासून वाटते.

मात्र अलाबामा विद्यापीठातले प्रकरणही सांगितले पाहिजे. तिथल्या सोरॉरिटींत कृष्णवर्णीय मुलींना सभासद करून घेण्याच्या आड माजी सभासद आल्याचे 2013 मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उघड केले, आणि विद्यापीठाला सभासदनिवड पुन्हा खुली करावी लागली. सोबत कोणाला घ्यायचे, हे पंचवीस वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्या बाईने ठरवता कामा नये. पहिली तुकडी निवडण्यापुरता तिचा हात असावा आणि त्यानंतर तो अधिकार मुलींकडे जावा.

इथल्या आमच्या चॅप्टरमध्ये नव्या मुलींना सभासद करून घेण्याच्या दीक्षाविधीला त्या सगळ्या माजी सभासद बायका आत गेल्या आणि सभासद नसल्यामुळे मी बाहेर थांबले. नियम तसाच आहे आणि तो मला मान्य आहे. पण या देशात इतकी वर्षे काढूनही ‘मी इथली’ असे ज्या घराबद्दल म्हणता येईल, ते माझ्यासाठी आपल्या कॉलेजचे ते वसतिगृहच आहे. मला एवढा राग का आला, हे त्या संध्याकाळी मला समजले.

म्हणून गटापुढे मी लेखी प्रस्ताव ठेवला आहे. पहिली दोन वर्षे माजी विद्यार्थिनींच्या समितीने इमारत, खानावळ आणि हिशेब सांभाळावेत. रात्री परतण्याची वेळ आणि खोल्यांची वाटणी तिथे राहणाऱ्या मुलींनीच ठरवावी. आणि दोन वर्षांनंतर मुलींनी बोलावले तरच समितीने यावे. हिशेब तपासण्याचे काम इथून करता येते आणि ते मी मागितले आहे.