नाटकातला माणूस व्यासपीठावर आला तर बिघडलं कुठे?

रंगभूमी सोडून चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, झालेल्या कलाकारावरचा लेख आवडला. पण ‘नाटकीपणा उपासनेत नको’ हे त्यातलं वाक्य खटकलं. मी सांगलीचा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात, त्यामुळे नाटकाची बाजू घेतली तर समजून घ्या!

दहा-बारा वर्षं हौशी नाटकं केली, आता आमच्या चर्चच्या मंडळीत तरुणांचं काम बघतो. तालमीचा खरा उपयोग अभिनयात नाही, वाचनात झाला. बायबलमधला उधळ्या पुत्राचा दाखला (घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो, बाप त्याला जवळ घेतो आणि थोरला चिडतो, ती गोष्ट) आमच्याकडे एका दमात वाचून टाकायचे. बाप लांबूनच मुलाला ओळखतो आणि धावत सुटतो, तिथे मी नुसता थांबलो. दोन सेकंद. मागच्या बाकावरच्या एका आजींनी पदर डोळ्यांना लावला. थोरल्या भावाचा राग तर मुद्दाम खालच्या पट्टीत वाचतो. ओरडलं की तो खलनायक होतो आणि ऐकणारा सुटतो.

एका वडीलधाऱ्यांनी मात्र सुनावलं, ‘हे थिएटर नाही.’ अगदीच चूक नव्हते ते. टाळीची सवय वाईट, अजून कान तिकडे जातात.

पण नाटकाचं सोडा, कीर्तनातले पेटी-टाळ तरी उपासनेत परके कसे? मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, अभंग लिहिले, आणि शेवटची वर्षं ते शेजारच्या साताऱ्यातच होते. आमच्या मिरजेत तंबोरे बनतात, तरी नाताळला भाड्याचा कीबोर्डच येतो. यंदा तंबोरा आणायचा म्हणतोय. पाळकसाहेब अजून ‘बघू’ म्हणताहेत.